ब्राइस कॅन्यनच्या कड्यावर बर्फाचा दिवस: आरव्ही, कॅमेरा आणि ओलावा

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्राइस कॅन्यनचा कडा समुद्रसपाटीपासून साधारण २४०० ते २७०० मीटर उंचीवर आहे. तिथे जानेवारीत आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत राहून फोटो काढायचे, तर थंडीपेक्षा ओलावा जास्त छळतो. थंडीला फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी आहे, लोकरीचे कपडे आहेत. ओलावा मात्र भिंतीवर, गादीखाली, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आणि लेन्सच्या काचेवर एकाच वेळी काम करत असतो. आम्ही दोघं इथे मुक्कामाला असलो की आमचा बर्फाचा दिवस कसा जातो, ते क्रमाने लिहितो. सुरुवात आदल्या दुपारपासून करावी लागेल, कारण निम्मं काम तेव्हाच होतं.

आम्ही थांबतो ते नॉर्थ कॅम्पग्राउंड व्हिजिटर सेंटरजवळ आहे आणि कड्यापर्यंत चालत जाता येतं. बर्फ पडत असताना गाडी हलवावी लागत नाही, ही या जागेची सगळ्यात मोठी सोय. वीज-पाण्याची जोडणी नाही. म्हणजे गॅस, बॅटरी आणि टाकीतलं पाणी एवढ्यावर सगळा कारभार. गाडी साडेसात मीटर लांबीची, क्लास सी प्रकारची आहे. पुढे ट्रकची केबिन आणि मागे घर.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं की तिथल्या उंचीचा तासातासाचा अंदाज मिळतो. आम्ही त्यात तीन गोष्टी पाहतो: वारा नैर्ऋत्येकडून वायव्येला कधी वळणार, तापमान सगळ्यात खाली कधी जाणार आणि आकाश कधी मोकळं होणार. पॅसिफिककडून येणाऱ्या वादळात बर्फ पडत असताना तापमान शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास घुटमळतं. खरी कडाक्याची रात्र वादळ संपल्यावरची असते. ढग गेले की जमिनीची उष्णता थेट आकाशात जाते आणि ताज्या बर्फाचा थर खालच्या मातीची ऊब वर येऊ देत नाही, म्हणून पारा उणे १५ ते उणे २० पर्यंत उतरतो. तयारी या दुसऱ्या रात्रीच्या हिशेबाने करायची.

दुपारी पहिलं काम गॅसचं. आमच्याकडे प्रत्येकी २० पौंडांचे, म्हणजे ९ किलोंचे दोन सिलिंडर आहेत. दोन्हींमध्ये निव्वळ प्रोपेन. भारतात घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशालाच उकळायचा थांबतो, त्यामुळे ते मिश्रण इथे बाहेर ठेवलं तर सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत मरगळते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ देतो. तरी थंडीत त्याचा दाब कमी होतोच आणि सिलिंडर रिकामा होत आला की वाफ अजून हळू तयार होते. म्हणून पाव उरलेला सिलिंडर आम्ही वादळाच्या आधीच भरून आणतो. रेग्युलेटरच्या खालच्या बाजूला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. ते खाली तोंड करून आणि झाकणाखाली हवं. त्यावर ओला बर्फ बसून गोठला की दाब बिघडतो, आणि माणूस उगाच फर्नेस उघडून बसतो.

हिशेब असा मांडतो. फर्नेस तासाला ३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) गॅस खातो. ९ किलोंच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात. रात्र चौदा तासांची धरली आणि फर्नेस निम्मा वेळ चालला, तर एका रात्रीत २,१०,००० जातात. म्हणजे एक सिलिंडर दोन रात्री. दोन सिलिंडर असले की मधला एक दिवस निर्धास्त जातो.

पण मध्यरात्रीनंतर घर गार पडतं ते बहुतेक वेळा गॅस संपून नव्हे, बॅटरी उतरून. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर सात-आठ अँपिअर घेतो. सात तास चालला की ५० अँपिअर-तास गेले. वाऱ्याच्या झोताने दाबली जाणारी एक पातळ पट्टी फर्नेसमध्ये असते, तिला सेल स्विच म्हणतात. पंखा पुरेशा वेगाने फिरला तरच ती दाबली जाते आणि मगच गॅस पेटतो. बॅटरी उतरली की पंखा फिरताना ऐकू येतो, पण त्याचा वेग पुरत नाही, पट्टी दाबली जात नाही आणि घरात थंडगार वारा सुटतो. असं झालं तर आधी व्होल्टेज पाहावं, बाकी सगळं नंतर.

आमच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या २०० अँपिअर-तासांच्या आहेत आणि त्या मुद्दाम घरात, बाकाखाली बसवल्या आहेत. ही बॅटरी शून्याखाली वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं. केलं तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. तिच्यातलं संरक्षक सर्किट त्यामुळे चार्जिंग बंदच करतं. बाहेरच्या कप्प्यात बॅटरी असली तर सकाळी लख्ख ऊन पडूनही आकडा हलत नाही.

पाण्याची तयारी थोडक्यात. पाणी आतल्या टाकीत भरून घ्यायचं, पाइप काढून, निथळून ठेवायचा. ज्या कपाटांतून नळ गेले आहेत त्यांची दारं रात्रभर उघडी ठेवायची. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाइप तेवढा ताण बराचसा सोसतो, पण पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं आणि प्लास्टिकचे जोड सोसत नाहीत. म्हणून आम्ही फिल्टर आधीच काढून ठेवतो. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्यांमध्ये दोन-दोन लिटर गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ ओततो आणि प्रत्येक मोरीत कपभर. हे प्रॉपिलिन ग्लायकोलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलिन ग्लायकोल विषारी असतं, ते इथे अजिबात चालत नाही. आणि सांडपाण्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. मोरीचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर थेंबथेंब पाणी पाइपात गोठत जातं, आणि सकाळी मनगटाएवढ्या जाडीचा बर्फाचा दांडका तयार.

बाहेरची कामं अंधार पडायच्या आत उरकायची. चाकांखालचे प्लास्टिकचे ठोकळे जमिनीला चिकटून गोठतात, म्हणून त्यांच्याखाली लाकडी फळ्या घालतो. दाराच्या रबराला सिलिकॉनचा हात फिरवला की सकाळी रबर फाटत नाही. विजेवर आत-बाहेर होणारी पायरी बाहेर काढून तिचा स्विच बंद करायचा, नाहीतर ती अर्ध्यात गोठते. स्लाइडआउट, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, आत घेऊन टाकायचा. जागा कमी होते, पण त्याच्या माथ्यावर बर्फ साचून गोठला तर तो आत घेता येत नाही आणि जबरदस्ती केली तर छताचं रबर फाटतं.

आता ओलावा. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. त्यात चहा, स्वयंपाक, ओले बूट. हे सगळं सगळ्यात गार पृष्ठभागावर जाऊन बसतं: खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, गादीखालची फळी, कपाटाची मागची भिंत. खिडक्यांना चकचकीत इन्सुलेशनचे तुकडे आणि छताच्या झरोक्यांना फोमच्या उशा लावल्या की ऊब टिकते, पण सगळंच बंद केलं तर सकाळी भिंती गळतात. म्हणून एक झरोका बोटभर उघडा आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खिडकी तेवढीच उघडी. बर्फ पडत असताना झरोका उघडा ठेवायचा हे अनेकांना पटत नाही. पण बाहेरची उणे १० अंशांची हवा पूर्ण संपृक्त असली तरी एका घनमीटरात तिच्यात दोन-सव्वादोन ग्रॅमच पाणी असतं. तीच हवा आत येऊन १६ अंशांना तापली की तिच्यात साडेतेरा ग्रॅम मावू शकतं. म्हणजे बाहेर कितीही बर्फ पडत असला तरी ती हवा घरात आल्यावर वाळवंटाइतकी कोरडी असते. गॅस थोडा जास्त जातो, जाऊ द्यावा. आर्द्रतामापकावर ४० ते ५० टक्के दिसलं पाहिजे. गादीखाली जाळीदार थर घातला आहे, हवा खेळती राहावी म्हणून.

याच कारणाने आम्ही बिनचिमणीचा गॅस हीटर वापरत नाही. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं आणि ते सगळं घरात राहतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका. बसवलेल्या फर्नेसचा धूर आणि वाफ भिंतीतल्या नळीतून बाहेर जाते. बर्फाच्या रात्री मात्र तीच नळी जपावी लागते. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिच्यापर्यंत चढला की धुराला वाट राहत नाही. झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्यावर टॉर्च घेऊन तिच्याभोवतीचा बर्फ हातभर मागे सारायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासायचा. यात टंगळमंगळ नको.

कॅमेऱ्याचा नियम एका ओळीचा: कॅमेरा गार ठेवायचा, बॅटऱ्या गरम. घरात १६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो, ८ अंशांच्या जवळ येतो. बाहेरून आणलेला उणे १० अंशांचा कॅमेरा आत आला की क्षणात त्यावर पाणी धरतं, बाहेर आणि आतही. पुन्हा बाहेर नेला की ते गोठतं. साध्या घरात पिशवीत बंद करून दोन तास थांबता येतं. आरव्हीत एक तर जागा नसते आणि हवा ओलसर असते, म्हणून त्या दिवसापुरते कॅमेरे आणि लेन्सा आम्ही खालच्या बाहेरच्या कप्प्यात कुलपात ठेवतो. त्या कप्प्यात फर्नेसची ऊब पोचत नाही आणि स्वयंपाकाची वाफही नाही. संध्याकाळीच लेन्स लावून, पुसून, झिपच्या जाड पिशवीत घालून ठेवायची. बॅटऱ्या आणि कार्ड आत, उशाजवळ. ट्रायपॉडही बाहेर, पण त्याचे पाय आधी पूर्ण कोरडे केलेले. पायांच्या जोडांत पाणी राहिलं तर सकाळी ते फिरत नाहीत.

पहाटे सहाला उठून खिडकीतून टॉर्च मारायचा. जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्योदय पावणेआठच्या सुमारास होतो, उजळायला सव्वासातला सुरुवात होते. बर्फ पडत असेल तर घाई नसते, कारण त्या दिवशी सूर्य दिसणार नसतो आणि उजेड दिवसभर जवळजवळ सारखाच राहतो. उठल्याबरोबर धूरनळी, मग छत. तीस सेंटिमीटर ताजा बर्फ साचला तर आमच्या अठरा चौरस मीटर छतावर तीनशे ते पाचशे किलो वजन येतं, आणि बर्फ ओला असेल तर याच्याही दुप्पट. छतावर चढायचं नाही. गोठलेल्या रबरी छतावरून पाय घसरतो. शिडीवर उभं राहून फोमच्या डोक्याचा लांब दांड्याचा ब्रश वापरायचा आणि झरोके, मोरीच्या नळ्यांची तोंडं आणि सोलर पॅनल मोकळे करायचे. धातूचं खोरं पॅनलवर चालवू नये. पॅनलचा एक कोपरा झाकलेला राहिला तरी वीज बरीच घटते, म्हणून अर्धवट सफाईचा उपयोग नाही. तसंही या दिवसांत दुपारी सूर्य क्षितिजापासून तीस अंशांच्या आसपासच चढतो. सपाट पॅनलला ऐन दुपारीही निम्मीच वीज मिळते. वादळाच्या दिवशी तर आम्ही सोलरची मिळकत शून्य धरतो.

साडेसातला चहा-पोहे आटपून निघतो. बुटांना मायक्रोस्पाइक्स, म्हणजे दातेरी साखळ्या. सनराइज ते सनसेट पॉइंटमधला कड्यालगतचा रस्ता सपाट आहे, पण लोकांनी तुडवलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. नवाहो लूप ही दरीत उतरणारी पायवाट; तिची वॉल स्ट्रीट नावाची बाजू हिवाळ्यात बंद असते, कारण तिथे दगड सुटतात. खाली उतरायचं तर टू ब्रिजेसच्या बाजूने, तेही उघडी असेल तर. वादळात मुख्य रस्ता तिसऱ्या मैलापुढे बंद केला जातो आणि बर्फ हटवणारा नांगर फिरल्यावर उघडतो. फेअरीलँड आणि पारिया व्ह्यूचे रस्ते हिवाळाभर साफ करत नाहीत, ते स्कीइंग आणि स्नोशूसाठी तसेच ठेवतात. कड्यावर आणखी एक धोका आहे. वाऱ्याने बर्फाची झालर कड्याच्या बाहेर लोंबते आणि वरून ती जमीनच वाटते. कठड्याच्या पलीकडे पाऊल नको. खालचा खडकही मऊ आणि ठिसूळ आहे.

हा खडक क्लॅरन फॉर्मेशनचा आहे. चुनखडी, चिखल आणि गाळाचे थर एकावर एक, आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला तांबूस-केशरी रंग. दिवसा वितळणारं आणि रात्री गोठणारं पाणी भेगांत शिरून हा खडक फोडत राहतं. वर्षातल्या निम्म्याच्या आसपास दिवसांत इथे पारा शून्याच्या वर-खाली जातो. हूडू म्हणतात ते खडकाचे सुळके त्यातूनच उरले आहेत. आणि त्यामुळेच बर्फात इथे फोटो काढण्यासारखं बरंच असतं: मऊ थर झिजून आत गेलेले, कठीण थर पुढे आलेले. बर्फ पुढे आलेल्या कंगोऱ्यांवर बसतो आणि उभी भिंत उघडी राहते. प्रत्येक सुळक्यावर पांढऱ्या आडव्या रेघा उमटतात. उन्हाळ्यात न दिसणारी थरांची रचना त्या दिवशी मोजता येते.

बर्फ पडत असताना रुंद लेन्सचा फारसा उपयोग होत नाही. दूरचं सगळं पांढऱ्यात बुडतं. आम्ही ७०-२०० मिमीची झूम लेन्स लावतो आणि जवळचे गडद, मधले फिके, मागचे जेमतेम असे तीन पडदे शोधतो. शटरवर बरंच अवलंबून आहे. बर्फाची पाकळी साधारण सेकंदाला एक मीटर वेगाने पडते. एका सेकंदाच्या तिसाव्या भागाला रेघा येतात, अडीचशेव्या भागाला ठिपके थांबतात. आम्हाला रेघांपेक्षा ठिपके जास्त पटतात, कारण रेघांनी खडकाचा पोत पुसट होतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ते एफ/११. त्याहून मोठं उघडलं की लेन्सजवळच्या पाकळ्या मोठे धूसर डाग होऊन चौकटीत येतात. फ्लॅश नको, त्याने जवळच्या पाकळ्याच भाजून पांढऱ्या होतात. ऑटोफोकस पडत्या पाकळ्यांना धरायला धावतो. एखाद्या सुळक्याच्या ठळक कडेवर फोकस करून मॅन्युअलला टाकायचा.

एक्स्पोजरबद्दल नेहमी सांगतात, एक ते पावणेदोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कारण बरोबर आहे: मीटर प्रत्येक दृश्याला मध्यम करडं समजतं आणि ताजा बर्फ ८०-९० टक्के प्रकाश परतवतो. पण ब्राइसमध्ये निम्मी चौकट तांबड्या खडकाची असते, त्यामुळे पाऊण ते एक स्टॉप पुरतो. शिवाय इथे लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून जातो. पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि नंतर संगणकावर कळतं की उन्हातले सुळके सपाट केशरी झाले आहेत. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय चालू ठेवावा आणि लालवर नजर ठेवावी.

पाठ वाऱ्याकडे, लेन्सला हूड. लेन्सवर बर्फ पडला तर फुंकर घालू नये, श्वासाची वाफ काचेवर गोठते. रबरी ब्लोअरने उडवावा, कॅमेऱ्यावरचा बर्फ रंगाच्या मऊ कुंचल्याने झटकावा. फडक्याने पुसला तर तो वितळतो, पसरतो आणि बटणांच्या फटीत शिरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहताना श्वास बाजूला सोडायची सवय लावावी लागते. बॅटऱ्या आतल्या खिशात, छातीशी. उणे १२ अंशांना एरवीच्या निम्मेच फोटो मिळतात. पण संपलेली दिसणारी बॅटरी खिशात तापली की पुन्हा बरंच काम देते, म्हणून तीन बॅटऱ्या आळीपाळीने फिरवायच्या. हातात पातळ मोजे आणि वरून पंजाचे जाड मोजे. उघड्या हाताने ट्रायपॉडची धातू धरू नये. ट्रायपॉड खोल बर्फात रोवताना पाय पूर्ण फाकवलेले नकोत. पाय आत जाताना बर्फ त्यांना बाहेर ढकलतो आणि वरच्या जोडावर ताण येऊन तो तडकतो. थोडे आवळून रोवायचे आणि आत बसल्यावर पसरायचे. पावलंही विचारून टाकायची. अस्पर्शित बर्फ चौकटीत हवा असेल तर कडेने फिरून जावं.

साडेदहा-अकराला परत. कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करायचा, त्याआधी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यायची आणि कॅमेरा पुन्हा कप्प्यात. माणसांनी कपडे आणि बूट दाराबाहेर झाडूने झाडून घ्यायचे. जेवढा बर्फ आत येईल तेवढं पाणी हवेत जाणार. उरलेलं ओलं सामान न्हाणीत टांगायचं, बुटांच्या आतल्या तळव्या काढून वेगळ्या ठेवायच्या आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा त्यांच्यावर सोडायचा. इथे एक गोष्ट सहज सुटते. न्हाणीत गळणारं पाणी मोरीतलं अँटिफ्रीझ पातळ करतं. म्हणून संध्याकाळी मोरीत पुन्हा कपभर अँटिफ्रीझ ओतायचं.

या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा राहतो. कुकर हवाच. त्यात गॅसही वाचतो आणि वाफही कमी निघते. खिचडीच्या शिट्ट्या होताना छताचा पंखा चालू करायचा, मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्यायचा. दिवसाची सगळ्यात जास्त वाफ त्या दहा मिनिटांत होते.

दुपार फोटो उतरवण्यात आणि विजेचा हिशेब करण्यात जाते. कार्डातले फोटो दोन एसएसडींवर जातात. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क रात्री गारठलेली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय लावू नये. लॅपटॉप तीन तास चालला तर पंधरा-सोळा अँपिअर-तास जातात. आदल्या रात्रीचे पन्नास, दिवे आणि पंप धरून आणखी दहा, दिवसभर अधूनमधून चालणाऱ्या फर्नेसचे पंचवीस-तीस. म्हणजे दोनशेतले शंभर-एक गेले आणि पुढची रात्र जास्त थंड. तेव्हा कॅम्पग्राउंडच्या परवानगीच्या वेळेत जनरेटर चालवावा लागतो. या उंचीवर दर हजार फुटांना जनरेटरची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. आठ हजार फुटांवर पाव भाग गेलेला असतो, म्हणून चार्जर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नयेत. जनरेटरला उंचीप्रमाणे हवा-इंधन जुळवायची कळ असेल तर ती फिरवलेली असावी, नाहीतर तो काळा धूर ओकतो. त्याच्या धुराच्या नळीभोवतीही बर्फ साचलेला नको आणि त्या बाजूची खिडकी बंद हवी.

तीनच्या पुढे खिडकीवर लक्ष ठेवायचं. वारा वायव्येला वळला आणि पश्चिमेला ढगांत फट दिसली की निघायचं. ब्राइसचं मुख्य रंगपीठ, म्हणजे सुळक्यांनी भरलेला अर्धगोल खोलगट भाग, पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी ते सावलीत जातं. बरेच लोक तेव्हा परततात. पण सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास झाल्यावर पूर्वेच्या क्षितिजावर पृथ्वीची निळसर सावली वर चढते आणि तिच्या माथ्यावर गुलाबी पट्टा येतो. कड्यावर उभं राहिलं की तो थेट समोर असतो, खाली निळसर बर्फ आणि त्यातून उठलेले तांबूस सुळके. सावलीतला बर्फ निळा असतो कारण त्यावर फक्त आकाशाचा उजेड पडतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांची जुळवणी) वाढवून तो सगळा पुसून टाकू नये. आम्ही साडेपाच हजार केल्विनच्या आसपास ठेवतो. वीस मिनिटं मिळतात, ट्रायपॉड लावूनच.

त्या रात्री तयारी पुन्हा पहिल्यापासून: धूरनळी, झरोका, अँटिफ्रीझ, भरलेला सिलिंडर चालू बाजूला. आणि दुसऱ्या पहाटे सातला कॅमेरा हातात घेऊन कड्यावर, कारण मोकळ्या आकाशाखालची ती सकाळ एकदाच मिळते. थंड हवा दरीत साचून राहिली तर सुळक्यांच्या कमरेपर्यंत धुकं असतं. पहिल्या किरणापेक्षा सूर्य आल्यानंतरचा अर्धा तास आम्हाला जास्त मोलाचा वाटतो: एका भिंतीवर ऊन पडतं, ते समोरच्या सावलीतल्या भिंतीवर परततं आणि ती आतून पेटल्यासारखी दिसते, खालच्या बर्फालाही केशरी झाक येते. दहाच्या आधी पाँडेरोसा पाइनच्या फांद्यांवरचा बर्फ गळायला लागतो, म्हणून झाडं चौकटीत हवी असतील तर ती आधी घ्यावीत.

निघायचं असेल तर दुपारपर्यंत थांबावं. रस्त्यावर नांगर फिरून झालेला असतो आणि ठोकळे सुटे होतात. चिकटलेच असतील तर कोमट पाणी ओतू नये, ते पुन्हा गोठतं; फळीला बाजूने रबरी हातोड्याचे ठोके द्यावेत. छतावरचा सगळा बर्फ आणि विशेषतः पुढच्या टोकावरचा बर्फ काढल्याशिवाय गाडी हलवू नये. पहिल्या ब्रेकला तो लादीच्या लादी समोरच्या काचेवर येतो, आणि वेगात असताना मागच्या गाडीवर. दिवे, नंबरप्लेट, आरसे पुसावेत. डिझेलची गाडी असेल तर उतरताना नव्हे, वर चढायच्या आधीच हिवाळी डिझेल भरलेलं असावं. साध्या डिझेलमधलं मेण उणे दहाच्या आसपास दिसू लागतं आणि फिल्टर तुंबवतं.

सांडपाणी वरच रिकामं करण्याच्या खटपटीत पडू नये. व्हॉल्व्ह गोठलेला असताना दांडा ओढला तर दांडा हातात येतो आणि पाती आत राहते. महामार्ग ८९ ने दक्षिणेला केनॅबपर्यंत उतरलं की उंची दीड हजार मीटरच्या आसपास येते आणि दुपारी पारा बहुधा शून्याच्या वर असतो. तिथे दोन-तीन तास उन्हात गाडी उभी करायची, दांडा बोटाने हलका ओढून पाहायचा, सैल झाला की आधी संडासाची टाकी आणि मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. त्यानंतर गाद्या उचलून, सगळी कपाटं उघडून, दोन्ही दारांतून वारा खेळू द्यायचा. कॅमेऱ्याची पिशवी उघडायची ती कॅमेरा बाहेरच्या हवेइतका तापल्यावरच.